वाळवंटातलं उष्टं पाणी

काल जर्मनीत डार्मश्टाटजवळ ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या महामार्गावर, गाड्या खोळंबल्या होत्या. मी नातीशेजारी मागच्या सीटवर बसलो होतो; तापलेल्या रबराचा वास आत शिरला आणि मला इराणचं वाळवंट आठवलं.

साठच्या दशकात पीएच.डी. संपवून मी आणि माझा मित्र दिनू एका जुन्या गाडीने हॅनोव्हरहून पुण्याला निघालो होतो. वाळवंटात दिवसभर माणूस दिसला नव्हता, गाडी वाळूत रुतलेली आणि डब्यात जेमतेम दोन लिटर पाणी. दिनू डबा उंच धरून वरून पाणी पीत होता. प्रत्येक घोटाला थोडं हनुवटीवरून शर्टावर सांडत होतं. सकाळपासून वाळू उपसून वैतागलेला मी, माझं डोकंच फिरलं.

"अरे, तोंड लावून पी ना."

"उष्टं होईल रे."

"इथे कसलं आलंय उष्टं?" मी डबा हिसकावला, तोंड लावून घटाघटा प्यायलो आणि त्याच्यापुढे धरला. त्याने मान हलवली.

"नंतर पितो."

नंतर तो प्यायलाच नाही. संध्याकाळी एका ट्रकवाल्याने गाडी ओढून काढली, तोवर त्याचे ओठ फुटून रक्त आलं होतं. चार वर्षं माझ्यासोबत एका खोलीत राहिलेला माणूस असं वागतो, या रागात मी पुण्यापर्यंत त्याच्याशी धड बोललो नाही.

"आजोबा, वासर?" पाणी हवंय का असं जर्मनमध्ये विचारत नातीने तिची अर्धी प्यायलेली बाटली पुढे केली. दिनूचे ते ओठ अजून माझ्या डोळ्यांसमोर होते. मी बाटली घेतली, तरीही खिशातून रुमाल काढला आणि बाटलीचं तोंड नीट पुसून मगच प्यायलो.