पाय ठेवायची जागा

"बसा ना मॅडम," असं कुणी म्हटलं की त्या म्हणायच्या, "उभ्यानंच बरं हाय, भाऊ." आणि म्हणता म्हणता उजव्या हाताची मूठ हवेत जराशी पिळायच्या, गाडीला रेस दिल्यासारखी. समोर गाडी नसायची. रक्ताच्या बाटल्यांचा ट्रे असायचा नाहीतर माझी केसपेपरची खिडकी असायची.

लोणारात ज्या दवाखान्यात मी केसपेपर फाडतो तिथे माझ्या खिडकीच्या बरोबर समोर प्रयोगशाळेचं दार आहे. मॅडम तिथे रक्तलघवी तपासायच्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही, आणि ज्यांनी त्यांना पाहिलंय त्यांना नावाची गरजही नाही. मी मुळात बसणारा माणूस. सकाळी खुर्चीत टेकलो की दुपारच्या डब्यापर्यंत मला उठवायला भूकंप लागतो. अशा माणसाच्या डोळ्यांसमोर दिवसभर कोणी येरझारा घालत असलं म्हणजे काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. माझेच पाय दुखायचे.

रक्त फिरवायचं यंत्र सुरू केलं की ते थांबेपर्यंत काही काम नसतं. इतर लोक त्या वेळात मोबाईल बघतात. मॅडम दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. यंत्र आत फिरतंय आणि या बाहेर. मी एकदा चेष्टेने म्हणालो, की दोघांपैकी एकाचं तरी बटण बंद करा. त्यांनी ऐकून घेतलं आणि चालणं काही थांबवलं नाही.

पण त्या आधीपासून अशा नव्हत्या, हेही सांगितलं पाहिजे. आधी त्या बसायच्या. स्टुलावर बसून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की तासभर मान वर होत नसे. त्यांचे मालक मोटारपंप दुरुस्त करायचे. संध्याकाळी जुनी, दोन सायलेन्सरची मोटारसायकल घेऊन फाटकाशी यायचे, आणि या एका बाजूला दोन्ही पाय घेऊन, साडी सावरून, मागे बसायच्या. गाडी सासऱ्यांनी घेतलेली. ते मॉडेल आता कुठे निघत नाही. मग मालकांना काविळीचं निमित्त झालं. त्यांचं रक्त मॅडमनीच तपासलं, कारण त्या दिवशी दुसरं कोणी ड्युटीवर नव्हतं. आकडा आला, तो पटला नाही म्हणून पुन्हा तपासलं. आकडा तोच. त्या स्टुलावरून उठल्या त्या उठल्याच. पुढे मालक गेले, सगळं आटोपलं, त्या कामावर परत आल्या, पण त्या स्टुलावर मी त्यांना पुन्हा बसलेलं पाहिलं नाही.

घरात आता दोघीच. त्या आणि सासू. म्हातारी शांत, पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जाणारी, एरवी अंगणातल्या दोडक्या-वालात रमणारी. आणि टिनाच्या शेडखाली ती मोटारसायकल, टायर बसलेली.

एके दिवशी यंत्र फिरत असताना मॅडम खिडकीशी आल्या आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. फोटोत एक मोटारसायकल. हँडल खाली दबलेलं, सीट एकाच माणसाचं, मागे उंचवटा, पाय ठेवायचे दांडे पार मागे. चालवणाऱ्याने टाकीवर ओणवं पडूनच बसायचं. "याले कॅफे रेसर म्हन्तेत," त्या म्हणाल्या. "आपली गाडी अशी बनवून राह्यली मी." परदेशात म्हणे जुन्या काळी पोरं अशा गाड्या बनवून एका चहाच्या हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलापर्यंत शर्यत लावायची. मी म्हणालो, आपल्याकडे दोन हॉटेलं भिंतीला भिंत लागून असतात, शर्यत सुरू व्हायच्या आत संपेल. त्या हसल्या नाहीत.

मग मी विचारलं, "मॅडम, यावर मागं कोण बसणार?"

"कोनीच नाई," त्या म्हणाल्या. "मागं बसून लय झालं."

मी माझ्या परीने शहाणपण शिकवायला गेलो. म्हटलं, ती गाडी विकून टाका, चांगली स्कुटी घ्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने शिक्का मारायला लागलो. स्कुटीवर पाय जवळ घेऊन बसावं लागतं, त्या म्हणाल्या, घरात बसल्यासारखं. मला तर घरात बसणं हे स्वर्गासारखं वाटतं.

मेहकर रस्त्याला एक म्हातारे मिस्त्री आहेत. सासऱ्यांच्या काळापासून ती गाडी त्यांच्याच हातातली. फोटो बघून ते खूश झाले. हँडल खाली घेता येईल, दांडे मागे नेता येतील, सगळं होईल म्हणाले. फक्त एका गोष्टीला अडले. सीट एकट्याचं करायचं तर गाडीच्या चौकटीचा मागचा भाग कापावा लागतो, आणि गेलेल्या माणसाच्या गाडीला त्याच्या आईच्या शब्दाशिवाय ते आरी लावत नाहीत. हा कुठल्या पुस्तकातला नियम नव्हे, त्यांचा स्वतःचा. मॅडमनी पुष्कळ वाद घातला. कागद त्यांच्या नावावर झालेले, गाडी त्यांची, पैसे त्यांचे. मिस्त्री एवढंच म्हणाले, "नट वापस बैठता है, बहनजी. कटा हुआ लोहा नहीं बैठता."

मॅडमनी घरी विचारलं. सासू म्हणाली, माझ्या लेकाची गाडी आहे, तिला कापू नका. बस्स.

आता हे तुमच्यामाझ्या घरात झालं असतं तर भांडण झालं असतं, नाहीतर विषय संपला असता. मॅडमकडे दोन्ही झालं नाही. कापायचं नाही तर नाही, पण नट तर खोलता येतात. त्या रोज ड्युटी संपली की मिस्त्रीकडे जायच्या आणि जे खोलता येईल ते स्वतः पाना घेऊन खोलायच्या. आज कॅरिअर, उद्या लेगगार्ड, परवा मडगार्ड. मग ते लांब सीट. आणि साडीगार्ड. ते त्यांच्या लग्नात सासऱ्यांनी मुद्दाम बसवून घेतलं होतं, सुनेचा पदर चाकात जाऊ नये म्हणून. खोललेला प्रत्येक भाग त्या घरी आणायच्या, आणि म्हातारी तो फडक्याने पुसून पलंगाखाली ठेवायची. साडीगार्ड मात्र तिने अंगणात रोवलं आणि दोडक्याचा वेल त्यावर चढवला. मी एकदा औषधाची चिठ्ठी द्यायला गेलो तेव्हा पाहिलं. फुलं आली होती. मिस्त्रीकडची गाडी संपत चालली होती आणि पलंगाखालची वाढत चालली होती.

गाडी सांगाड्यावर आली आणि काम थांबलं. खोलायला नटच उरला नाही. त्या दिवसांत मॅडमची मूठ सारखी पिळली जायची. बोलताना, चालताना, पेशंटच्या दंडाला पट्टा बांधायच्या आधी. सुई धरली की हात दगडासारखा स्थिर, ठेवली की पुन्हा सुरू. लोक माझ्या खिडकीशी येऊन विचारायचे, मॅडमच्या हाताला काही झालंय का. मी चिडून म्हणायचो, हाताला काही झालेलं नाही, केसपेपर घ्या.

मग एका सकाळी म्हातारी स्वतः रांगेत दिसली. बीपी दाखवायला आली होती. मॅडम आत कामात. माझ्यासमोर आली, केसपेपर घेतला आणि तिथेच उभी राहिली. मागचे लोक कुरकुरायला लागले. मी म्हटलं, माय, झालं ना? ती खिडकीच्या गजाला धरून हळूच म्हणाली, "बापू, एक इचारू? थे सीट एकटीचंच हाय म्हन्ते."

मी म्हटलं, हो, तशीच असते ती गाडी.

"लोखंडाचं मले काई नाई," ती म्हणाली. "लेकच नाई राह्यला, तं लोखंडाचं काय? पन एकाच मानसाची जागा केली, मंग थे जाईन न निघून? अन् मी कुठी?"

मी आजवर त्या खिडकीतून हजारो नावं लिहिली, वय लिहिलं, गाव लिहिलं. त्या क्षणी मी पेन खाली ठेवलं. लेकाची गाडी कापू नका, हे कारण आम्ही सगळ्यांनी खरं मानलं होतं. मिस्त्रीने मानलं, मॅडमनी मानलं. म्हातारीला गाडीचं काहीच नव्हतं. तिला भीती होती ती सून निघून जाण्याची, आणि ती तोंडाने बोलायची कशी, म्हणून तिने मेलेल्या लेकाला पुढे केलं होतं.

मी उठलो. होय, खुर्चीतून उठलो, रांग तशीच ठेवून समोरच्या दारात गेलो आणि मॅडमना सांगून टाकलं. आत यंत्र फिरत होतं. त्यांची मूठ हवेतल्या हवेत थांबली. "मले तं असं कधी नाई म्हनलं त्यायनं," एवढंच त्या म्हणाल्या. यंत्र थांबलं तरी त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या अर्धी रजा टाकून सासूला घेऊन मिस्त्रीकडे गेल्या, पायीच. तिथे काय झालं ते मला मिस्त्रींनी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "माय, तुमी नाई म्हनलं तं नाई कापत. पन मी आता कोनाच्या मागं बसत नाई. अन् तुमाले सोडून बी जात नाई." म्हातारीने सांगाड्याभोवती एक फेरी मारली, कुठे कापणार ते विचारलं. मिस्त्रींनी खडूने रेघ मारून दाखवली. ती म्हणाली, काप. मात्र कापलेला तुकडा मला दे. आरी चालू असताना ती तिथेच बसून राहिली आणि कमानीसारखा तो तुकडा पदरात गुंडाळून घरी घेऊन गेली. अजून गरम होता म्हणे.

गाडी झाली. टाकीला काळा रंग, एवढंसं सीट, खाली दबलेलं हँडल. पहिल्या दिवशी सकाळी मॅडम सलवार-कमीजवर ती घेऊन दवाखान्याच्या फाटकातून आल्या तेव्हा पेशंटसुद्धा व्हरांड्यात आले. मला वाटलं, आता चेहरा पाहण्यासारखा असेल. पण त्या गाडी लावून सरळ माझ्या खोलीत आल्या आणि माझ्या खुर्चीत बसल्या. बसल्या! मी बाजूला उभा.

"डावा पाय जुन्याच जागी येते, भाऊ," त्या म्हणाल्या.

मला समजेना. मग त्यांनी सांगितलं. पायाचे दांडे मागे न्यायचे होते. मिस्त्रीने चौकटीला भक्कम जागा शोधली. ती एकच होती, मागे बसणाऱ्याचे दांडे असायचे ती. तिथेच नवे बसवले. चौकट कापली, मागची जागा काढून टाकली, आणि गाडीवर बसून पाय उचलून ठेवले तर डावा तिथेच, जिथे मालकांच्या मागे एका बाजूने बसून तो इतकी वर्षं ठेवला होता. नुसती त्यांची पाठ समोर नव्हती. बोलता बोलता त्या रडल्या. मी काय करणार, पंख्याचं बटण दाबलं. म्हटलं, मिस्त्रीला सांगून दुसरीकडे वेल्डिंग करून घेऊ.

"राहू द्या," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "जागा मजबूत हाय."

त्यानंतर त्या गाडीने त्यांना थारा दिला असं म्हणावं, तर नाही. उलट त्या जास्तच सुटल्या. सुट्टीच्या दिवशी हिवरा आश्रमापर्यंत जाऊन म्हातारीच्या चहाच्या आत परत. मेहकरजवळून नवा मोठा महामार्ग गेला, त्यावर दुचाकीला बंदी, तर त्याचा राग माझ्यावर. जसा काही तो मी बांधला. आणि मग एके दिवशी बदलीचा अर्ज. कुठे, तर मलकापूर. काऊन म्हणून विचारलं तर म्हणाल्या, तिथं रेल्वे आहे, सतत काहीतरी चालू असतं.

गावात लगेच बोलणं सुरू झालं, की निघाली एकटी, म्हातारीचं काय? खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं. खिडकीच्या गजाला धरलेली ती बोटं मला आठवली.

बदली झाली. सामान टेम्पोने पुढे गेलं. निघायच्या दिवशी मी स्टँडवर गेलो होतो. म्हातारीला टेम्पोत बसायचं नव्हतं, तिला एसटी हवी होती. आणि एसटीतही पुढची मोकळी जागा सोडून ती पार शेवटच्या सीटवर जाऊन बसली, मांडीवर कापडात गुंडाळलेला तो लोखंडी तुकडा. मॅडम गाडीवर, हेल्मेट घालून, बसच्या मागे उभ्या. मला वाटलं, बस सुटली की या वाऱ्यासारख्या पुढे. बस हलली, तशी त्यांची गाडी हलली. मागच्या काचेतून म्हातारीचा चेहरा दिसत होता. वळणावर आधी बस गेली, मग त्या.

काही दिवसांनी त्या बसचा कंडक्टर पायाला पट्टी करायला दवाखान्यात आला. मी केसपेपर फाडत विचारलं, मॅडम मग कधी पोचल्या, तुमच्या किती आधी?

"आधी?" तो म्हणाला. "एकदाबी म्होरं नाई गेली थे. रस्ता रिकामा, मी दारातून हात करून राह्यलो, जा म्हनलं. नाई. धूर खात आमच्या मागंमागंच. मेहकरले गाडी थांबली तवा म्हातारीले खिडकीतून चहा देला तिनं. मी म्हनलं, तुमीबी बसा, घ्या घोटभर. तं म्हने, उभ्यानंच बरं हाय. अन् म्हातारीचा कप रिकामा होईपर्यंत थे खिडकीखाली उभी होती."