राबाचा अर्थ

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. अक्षर किरटं, ओळ कधी वर जाते कधी खाली. चौथीपर्यंतच शिकले. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण जे लिहिते ते खोटं नाही.

घाटकोपरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, भर सभेत, प्रोफेसरसाहेब मला म्हणाले, "तुला शब्दांचे पंधरा रुपये दिलेत ना? मग बस खाली."

लोक हसले. मी उभीच होते.

हे साहेब मुलुंडला बंगल्यात राहत. मी त्यांच्या बागेत खुरपायला जायची. आमचं घर डोंगराच्या पायथ्याशी, भाताची दोन खाचरं. साहेब शेतीच्या आणि रानाच्या शब्दांचा कोश करत होते. एकदा वाफ्याकडे बघून मी म्हटलं, "आवण दाट झालंय." त्यांनी लगेच वही काढली.

"आवण म्हणजे काय गं?"

"लावणीचं रोप."

मग रोज दुपारी ते खुर्चीत, मी व्हरांड्याच्या पायरीवर. मला चहा वेगळ्या कपात यायचा. तो मीच विसळून कोनाड्यात पालथा घालायची. त्याचं तेव्हा वाईट वाटलं नाही. कोणी माझं बोलणं लिहून घेतंय, याचंच अप्रूप होतं.

ते शब्द माझ्या बापाचे. बाप नुकताच गेला होता. साहेब म्हणाले, "तुझ्या हिरूबाबांचं नाव पहिल्या पानावर छापीन." त्या रात्री मी आईला ते तीनदा सांगितलं. वही भरली तेव्हा त्यांनी पंधरा रुपये हातावर ठेवले. मी नको म्हटलं. "असू दे, लुगडं घे."

पुस्तकाच्या समारंभाला मी तेच लुगडं नेसून गेले. मागच्या बाकावर बसले. पुस्तक हातोहात फिरत माझ्याकडे आलं. मी एकेक अक्षर लावत पहिलं पान वाचलं. त्यात त्यांच्या पत्नीचे आभार होते. टंकलेखकाचे होते. मुलुंडच्या शांत हवेचेही होते. हिरू नव्हता. शेवटचं पानही बघितलं.

तेवढ्यात कोणी विचारलं, "राब म्हणजे नेमकं काय?"

साहेब म्हणाले, "कापणीनंतर शेतात उरलेला पेंढा वाऱ्याच्या दिशेने जाळणे."

मी असं सांगितलंच नव्हतं. चार माणसांत मी कधी तोंड उघडलेलं नव्हतं. तरी उठले.

"नाही साहेब. राब रोपाच्या जागेवर भाजतात, पावसाच्या आधी. खाली शेण, वर ऐनाचा पाला, गवत, वरून माती. आणि पेटवायचा तो वाऱ्याच्या उलट बाजूने. सावकाश भाजला तर तणाचं बी मरतं. वाऱ्याच्या दिशेने लावलात तर भसकन जळून जाईल, जमीन कच्ची राहील."

पुढून एक जण म्हणाला, "साहेब, माळीण तुमची परीक्षा घेतेय."

"माझ्या बापाचं नाव छापणार होतात," मी म्हटलं.

"अगं, असल्या ग्रंथात कोणाचीही नावं घालत नाहीत," साहेब म्हणाले. आणि मग ते पंधरा रुपयांचं वाक्य.

मी बसले नाही. चालत मुलुंडला आले. लुगडं धुऊन घडी करून ठेवलं. पुन्हा नेसले नाही.

बागेचं काम सोडलं. तबेल्यांना गवताचे भारे घातले. पावसाळा संपला तेव्हा बंगल्यावर गेले. या वेळी पायरीवर थांबले नाही, व्हरांड्यात टेबलापाशी गेले.

"हे तुमचे पैसे."

"कसले?"

"शब्दांचे."

"वेडी आहेस का? शब्द छापून झाले."

"जे छापलंत ते तुमचं. चुकीचंच आहे, राहू दे तुमच्याकडे. दुसरा भाग काढताय म्हणे. माझ्याकडून एक शब्द मिळणार नाही. डोंगराखालच्या बायकांनाही सांगून आलेय. यापुढे आमचं आम्हीच लिहू."

घरी दोन आण्यांची वही आणली होती. पहिल्या पानावर हिरू लिहून झालं होतं. दुसऱ्यावर राब.

साहेबांनी नोटांना हात लावला नाही. मी म्हटलं, "मोजून घ्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हलले नाही. मग त्यांनी मोजले. पुरे पंधरा.