बाहीच्या आतला हात

माझ्या कपाटात स्कोअरची एक जुनी वही आहे. कुंभकोणातला साहेबलोकांचा क्लब मोडला तेव्हा टेबलं, खुर्च्या, बॅटी सगळं लोकांनी नेलं. ही वही कुणालाच नको होती, म्हणून ती माझ्याकडे राहिली. मद्रासहून आलेल्या संघाशी झालेल्या सामन्याचं एक पान तिच्यात आहे. त्या पानावर एकाच बोलरपुढे सात नो बॉल लिहिलेले आहेत. अक्षर माझं आहे. त्या सातांतला एकही नो बॉल नव्हता, आणि पहिला लिहिण्याच्या आधीपासून मला ते माहीत होतं.

तो क्लबाचा पगारी बोलर होता. सकाळी खेळपट्टीवर काथ्याची चटई अंथरून खिळे ठोकायचे, रूळ फिरवायचा, आणि चार वाजल्यापासून उजेड जाईपर्यंत साहेबांना आणि दोन-चार वकिलांना चेंडू टाकायचे, हे त्याचं काम. बॅट त्याच्या हाती कोणी देत नसे. मूळचा जवळच्याच तिरुभुवनमचा, आमच्यासारखाच मराठी बोलणाऱ्या घरातला. घरी रेशमाला पीळ घालण्याचं काम होतं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवत असे आणि संध्याकाळी हौसेनं क्लबात स्कोअर लिहीत असे. मला तो ‘मास्तर’ म्हणे.

तीन पावलं टाकून तो चेंडू सोडायचा. चेंडू हवेत आळसावल्यासारखा यायचा, चटईवर पडला की एकदम जागा व्हायचा आणि डावीकडे वळायचा. तसाच दुसरा चेंडू यायचा आणि वळायचाच नाही. इकडचे खेळाडू पहिल्यावर चुकत आणि दुसऱ्यावर बाद होत. मला मात्र खेळाडूंशी कर्तव्य नव्हतं. तो चेंडू असं का करतो, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

मी अर्ध्या चेंडूला चुना फासला आणि तो हवेत कुठल्या बाजूनं फिरतो ते पाहिलं. चटईवर खडूनं रेघा मारल्या. किती वळला हे दोरीनं मोजलं. माझ्या शाळेच्या वहीत पानं भरली. तो हसून सगळं करू देई.

“बोटांनी काय करतोस ते तरी सांग,” मी म्हणे.

“तुम्ही मास्तर, मी रूळ ओढणारा. तुम्हीच सांगायचं मला.”

“सांगितलंस तर मी काय तुझी नोकरी घेणार आहे?”

“घ्या की. उद्या सकाळी रूळ ओढायला या.”

बोटं तो दाखवीना, तेव्हा मी हाताकडे पाहू लागलो. माझं स्कोअरचं टेबल बाजूला होतं. तिथून त्याचा हात आडवा दिसे. भर उन्हाळ्यातसुद्धा तो मनगटापर्यंत लांब बाहीचा, सैल सदरा घाली आणि मनगटाला बटण लावी. डोक्यावर आलेला हात कोपरात वाकलेला दिसे, आणि चेंडू सुटताना सरळ झालेला. वाकडा हात सरळ करत चेंडू सोडणं म्हणजे फेकणं. क्रिकेटात ते चालत नाही; पंच तो नो बॉल देतो. मला वाटलं, सापडलं. मी आकृत्या काढल्या, इंग्रजीत सात-आठ पानांचा निबंध लिहिला आणि क्लबाच्या व्हरांड्यात चहाच्या वेळी वाचून दाखवला.

सेक्रेटरीसाहेबांनी तो पुन्हा एकदा स्वतः वाचला. “नेटिव्ह मास्तरानं असं काही लिहिलेलं मी प्रथमच पाहतो,” ते म्हणाले. मी त्या वाक्यावर महिनाभर जगलो. त्यांनी निबंध मद्रासच्या आपल्या मित्राला पाठवला. तो मित्र पुढच्या सामन्याला पंच म्हणून येणार होता, हे मला नंतर कळलं.

तो सामना बोलरसाठी मोठा होता. मद्रासच्या क्लबाला पगारी बोलर हवा होता. तिथं त्याला राहायला खोली मिळणार होती, आणि मोठ्या संघांविरुद्ध खेळायला मिळणार होतं. सेक्रेटरीसाहेबांनी, माझा निबंध वाचण्याच्या आधीच, त्याचं नाव सुचवलं होतं. बायकोला त्यानं सांगूनही टाकलं होतं.

सामन्याच्या आदल्या शनिवारची गोष्ट. शनिवारी तेल लावून नदीवर न्हाण्याची आमच्याकडे रीत. तो आमच्या घाटावर कधी येत नसे. त्या दिवशी तिरुविडैमरुदूरला एका नातेवाइकाकडे गेलो होतो, आणि तिथल्या घाटाच्या खालच्या अंगाला तो एकटा तेल चोळत बसलेला दिसला. प्रथमच तो मला सदऱ्याशिवाय दिसत होता.

उजवा हात कोपरात वाकलेला होता. तो डाव्या हातानं त्याला तेल चोळत होता आणि तो हात तसाच वाकलेला राहत होता.

“हे काय रे?” मी विचारलं.

त्यानं झटकन पंचा हातावर टाकला. मग, मी पाहिलंच आहे हे कळून, काढून घेतला.

“लहानपणी चिंचेवरून पडलो. हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या पट्ट्या बांधल्या, त्या सोडल्या तेव्हा हे असं. पुढे जातच नाही. पाहा.”

मी त्याचं मनगट धरून ओढलं. खरोखरच जात नव्हता. खुंटीला ओढावं तसं वाटलं. सरळ न होणारा हात सरळ करून कोणी चेंडू फेकू शकत नाही, हे मला तिथल्या तिथं कळलं. सरळ होत होती ती बाही. हात फिरला की सैल कापड ताणलं जाई आणि मला हात सरळ झालेला दिसे. इतके दिवस मी हात पाहिलाच नव्हता, कापड पाहिलं होतं. आणि ते मी सात-आठ पानांत सिद्ध करून मद्रासला पाठवलं होतं.

“मास्तर,” तो म्हणाला, “एक करा. हे कोणाला सांगू नका. लुळा माणूस पगारावर ठेवला असं कळलं तर साहेब उद्याच काढतील. सहा वर्षं ही बाही घालतोय ती त्यासाठीच.”

माझा निबंध काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मी बोटांबद्दल काही लिहिलं आहे, असं त्याला वाटत होतं. त्याला वाचवील अशी एकच गोष्ट होती, आणि तीच त्याला बुडवील असं समजून तो ती झाकून बसला होता. दोन वाक्यांत समजावता आलं असतं. पण मग सेक्रेटरीसाहेबांपुढे जाऊन, माझी पानं चुकली, हेही सांगावं लागलं असतं.

“नाही सांगत,” मी म्हणालो.

“शपथ?”

“शपथ.”

पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मी शब्द पाळला.

सामन्यात त्याच्या दुसऱ्याच चेंडूवर मद्रासचा कप्तान बाद झाला आणि पंचानं हात आडवा केला. नो बॉल. मी लिहिला. मग आणखी एक. त्यानं चेंडू हळू टाकून पाहिला, तोही नो बॉल. पाचव्यानंतर तो माझ्या टेबलाकडे पाहू लागला. मी मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत होतो. सातव्यानंतर आमच्या कप्तानानं चेंडू त्याच्याकडून काढून घेतला. प्रेक्षकांतले लोक तमिळमध्ये ‘फेकणारा, फेकणारा’ असं ओरडले आणि हसले. बाही त्यानं शेवटपर्यंत वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. जाताना तो माझ्याकडे आला. दोष द्यायला आला आहे असं मला वाटलं.

“हाताचं बोलला नाहीत,” तो म्हणाला. “उपकार झाले.”

हे वाक्य मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात, इतक्या वर्षांनी, मी तिरुभुवनमला गेलो. मयिलाडुदुरैच्या रस्त्यावरून आत वळलं की त्याचं घर. तो ओसरीत बसून टकळीवर रेशमाला पीळ घालत होता. दोघांचेही दात गेलेले. मी पाणी प्यायच्या आधी सगळं सांगून टाकलं. निबंध, बाही, घाट, शपथ. तो टकळी फिरवत ऐकत होता. मग ती थांबली.

“म्हणजे बाही वर केली असती, की झालं असतं?”

“हो.”

“आणि तुम्हाला माहीत होतं.”

“शनिवारपासून.”

त्यानं टकळी मांडीवर ठेवली. आतून सुनेचा भांडी हलवल्याचा आवाज येत होता.

“सहा वर्षं त्या बाहीत उकडून मेलो मी,” तो अखेर म्हणाला. “मद्रासला तरी गार वारा लागला असता. समुद्र आहे म्हणे.”

मग त्यानं बाहेर गल्लीकडे हात केला.

“गल्लीत अजून आम्हाला फेकणाऱ्याचं घर म्हणतात. नातवाशी खेळताना पोरं त्याचा चेंडू धरत नाहीत. तुमच्या त्या वहीत काय आहे?”

“सात नो बॉल.”

“मग लिहा की मास्तर. तेव्हा आठ पानं लिहिलीत, आता एक लिहा.”

म्हणून हे लिहिलं. वहीतल्या त्या पानाला आज मी एक कागद टाचला आहे: सातही चेंडू नियमाप्रमाणे होते, बोलरचा हात कोपरात कायमचा वाकलेला होता आणि स्कोअर लिहिणाऱ्याला हे ठाऊक होतं. खाली सही केली आहे. तोच मजकूर त्याच्या नातवाच्या शाळेत नेऊन देणार आहे.

त्या दिवशी त्याच्या घरून निघताना मात्र माझ्यानं राहवलं नाही. “तो चेंडू वळायचा कसा?” मी विचारलं.

“क्षमा मागायला आलात की हे विचारायला?”

“दोन्ही.”

तो हसला. त्यानं टकळी उचलली, अंगठा आणि मधलं बोट यांच्या चिमटीत धरून एक फिरकी दिली, आणि ती गरगरत खाली गेली. मग सुनेकडून एक लिंबू मागवून तेच केलं. अंगात बाही नव्हती, फक्त खांद्यावर पंचा होता. वाकडा हात वर गेला, वाकडाच खाली आला. लिंबू ओसरीवर पडलं, आणि ते झेलायला मी जिथं हात पुढे केला होता तिथून वीतभर डावीकडे निघून गेलं.

“पुन्हा टाक,” मी म्हणालो, आणि लिंबू आणायला उठलो.