कुरवांचा जुना वैरी

हुर्रकाकांनी सत्तावीस वर्षं एकच संवाद म्हटला : "हुर्रऽऽ!" साथीला काठी आणि पोचे पडलेला पत्र्याचा डबा. मत्स्यबीज केंद्राच्या टाक्यांत माशांची पिल्लं वाढत आणि शेजारच्या पाणथळीतले कुरव त्यांच्यावर टपून असत. पांढरं अंग, करडे पंख आणि जन्मजात भांडखोर आवाज असा तो पक्षी. त्याला हुसकावणं ही काकांची नोकरी. नोकरीसोबत मिळालेल्या दोन खोल्या टाक्यांना अगदी लागून होत्या. त्यामुळे घास तोंडात आणि कान बाहेर, अशी त्यांना सवयच जडली होती.

वैऱ्याला ओळखावं तसं त्यांनी कुरवांना ओळखलं होतं. काही जण चिखलात जागच्या जागी पाय आपटून नाचत. खालचे किडे बिचारे काय गडबड आहे म्हणून वर येत आणि पोटात जात. दुसऱ्याच्या चोचीतला मासा पळवून वर आपणच आरडाओरडा करणाऱ्यांना काका 'मेहुणे' म्हणत. एक म्हातारी मादी मात्र कायम कुंपणाच्या खांबावर. काका दिसले की पहिली हाळी तिची, मग सगळा थवा आकाशात. तिचं नाव सासूबाई. ते आपल्या आईवरून की काकांच्या, हे काकींनी अनेकदा विचारलं. काकांनी सत्तावीस वर्षं उत्तर दिलं नाही, म्हणून संसार टिकला.

पुढे केंद्र बंद पडलं आणि पाणथळ पक्ष्यांसाठी राखीव झाली. नव्या मॅडम आल्या. तरुण, नीटनेटक्या, गळ्यात दुर्बीण.

"इथे एक पक्षिमित्र नेमायचाय," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांना पक्षी दाखवायचे. राहायला याच खोल्या. तुमचा पक्ष्यांशी संबंध किती वर्षांचा?"

"सत्तावीस, मॅडम. रोजचा. सकाळ-संध्याकाळ."

यात खोटं एक अक्षर नव्हतं.

"छान. रविवारी समिती येईल. त्यांना पक्षी जवळून दिसले की तुमची नेमणूक पक्की. नाहीतर शहरातून माणूस मागवावा लागेल."

शहरातला माणूस म्हणजे दोन खोल्याही गेल्या. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना या वयात बिऱ्हाड कुठे हलवायचं?

काका डबा-काठी घरात ठेवून, हात मागे बांधून, चेहऱ्यावर माया आणून बांधावर गेले. सासूबाईंनी मान वाकडी करून पाहिलं, हाळी दिली. पाच मिनिटांत बांधाजवळचं पाणी रिकामं, सगळा थवा दूरच्या बेटावर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकींचा फुलाफुलांचा रेनकोट चढवला आणि डोक्याला ओढणी गुंडाळली. सासूबाई फसल्या नाहीत.

"चाल बदला आधी!" काकी दारातून हसून बेजार झाल्या. "मी तर दुरून तुमचं खोकणंसुद्धा ओळखते. त्यांनी काय पाप केलंय?"

"तुला हसू सुचतंय. रविवारनंतर सामान कुठे नेणार आहेस?"

काकींचं हसू थांबलं. त्यांनी ओढणी काढून घेतली आणि तिची घडी घातली.

रविवारी समितीचे चौघे लाकडी मचाणावर बसले. थवा दूरच्या बेटावर, नुसते पांढरे ठिपके. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"एवढेच का?" त्यांनी विचारलं.

खाली उभ्या काकांनी ते ऐकलं. दिवस पिल्लांचे होते. या दिवसांत बेटाकडे फिरकायचं नाही, हा धडा ते पहिल्याच वर्षी डोक्याला सहा टोचे खाऊन शिकले होते. एरवी काकांना पाहून पळणारा कुरव घरट्यात पिल्लू असलं की पळत नाही, अंगावर येतो.

काकांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते पाण्यात शिरले. बेट अजून तीस पावलांवर होतं. ते थांबले आणि मचाणाकडे पाठ करून त्यांनी दोन्ही हात पसरले.

पहिल्या अर्थातच सासूबाई आल्या. टोपी गेली. मग अख्खा थवा किंचाळत कोसळला. डोक्यावर टोचे, कानाशी पंख, खांद्यावर पांढरी पिचकारी, मग दुसरी, मग मोजदादच नाही. काका तोंड मिटून उभे. हुर्र ओठांवर येत होता, तो त्यांनी दातांनी धरून ठेवला.

मचाणावर टाळ्या पडल्या.

"काय जिव्हाळा!" अध्यक्ष गहिवरले. "लेकरांसारखे झेपावताहेत अंगावर! असा माणूस असताना शहरातून कशाला आणायचा?"

काका निथळत बांधावर आले. मॅडमनी रुमाल पुढे केला आणि त्या हळूच म्हणाल्या, "पुस्तकं मीही वाचलीत, काका. ते हल्ला करत होते ना?"

काकांनी डोकं पुसलं. रुमालावर थोडं रक्त आलं.

"जुनी ओळख आहे, मॅडम."

मॅडमनी नेमणुकीच्या कागदावर सही केली. "मात्र पुन्हा पिल्लांच्या दिवसांत पाण्यात उतरायचं नाही," त्यांनी बजावलं. "बांधावरूनच दाखवायचं."

"मला बेटाजवळ पाहिलंय त्यांनी. आता बांधावर आलो तरी ते येतील, मॅडम. फार प्रेम आहे."

आठवड्याभरात गडद निळा गणवेश आला, छातीवर 'पक्षिमित्र'. पहिल्याच दिवशी काका तो घालून बांधावर जाऊन आले. काकींनी नळाखाली त्याचा खांदा खसाखसा घासला, उन्हात धरून पाहिला, पुन्हा घासला.

"अहो," त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी पांढरा मागून घ्या."