वास गेला म्हणून

शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा उन्हाळा असेल. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी मी भर दुपारी गोबरगॅसच्या विहिरीच्या काठावर वाट अडवून उभी राहिले आणि नानांना, म्हणजे माझ्या सख्ख्या काकांना, सांगितलं... मी तुम्हाला खाली उतरू देणार नाही!

गॅस नीट येत नव्हता म्हणून वरची लोखंडी टाकी काढली होती. बरंचसं शेण उपसून झालं होतं, तळाचं खरवडायला नाना स्वतः उतरणार होते. सकाळी नासक्या अंड्यांचा नुसता भपकारा येत होता, दुपारी तो येईनासा झाला. आमच्याकडची रीतच ती... वास गेला की खुशाल उतरायचं.

मी तेव्हा धुळ्याला बीएस्सी करत होते. प्रॅक्टिकलला एचटूएस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, हाच नासक्या अंड्यांच्या वासाचा गॅस, तयार करताना सरांनी बजावलं होतं, हा गॅस जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास येत नाही, पण गॅस तिथेच असतो... आणि माणूस ओरडायच्या आत कोसळतो.

हे सांगितलं तर नाना भडकलेच. "वास ते बठ्ठा गया ना! सरक बाजूले. चार बुकं शिकनी ते माले शिकाडस का?"

आणि गड्यांसमोर एक सणसणीत ठेवून दिली. गाल पेटला, रडू फुटलं, पण मी हलले नाही. म्हटलं, आधी मला ढकला, मग उतरा.

काकू तिथेच होती, ती तडक निघून गेली. मला वाटलं, तीही रागावली... पण परत आली ती गड्याच्या घरची कोंबडी घेऊन! टोपलीत घालून, वर फडकं बांधून तिनं ती दोरानं खाली सोडली.

थोडी फडफड ऐकू आली... मग नाही. टोपली वर घेतली तेव्हा कोंबडीची मान पडलेली होती.

नाना काठापासून मागे सरले. उरलेलं शेण मग दोराला बादली बांधून वरूनच काढलं. चार दिवस जास्त लागले, लागू देत.

नानांनी त्या थपडेबद्दल कधी माफी मागितली नाही, मीही उलटून बोलल्याबद्दल मागितली नाही. त्यानंतर वीसेक वर्षं ते माझ्या सासरच्यांनासुद्धा सांगत राहिले, ही पोरगी मोठ्यांना जुमानत नाही म्हणून.

सांगू देत की... सांगायला होते ना!