सुमनची वही आणायला कवठे महांकाळला

वडूजच्या स्टँडवरून विट्याची गाडी सकाळी साडेसहाला सुटते. मी सहालाच जाऊन बसलो होतो. पौष महिना, बाकाचं लोखंड धोतरातून अंगाला लागत होतं. जवळ एक कापडी पिशवी. तिच्यात दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची बाटली. परत येताना त्या पिशवीतून एक वही आणायची, एवढंच काम होतं.

वही माझ्या लेकीची, सुमनची. ती कवठे महांकाळच्या पुढे एका वस्तीवरच्या शाळेत बाई होती. भाद्रपदात ताप आला, सांगलीच्या दवाखान्यात पाच दिवस होती, सहाव्या दिवशी आम्ही तिला आडवी घरी आणली. वय छत्तीस. लग्न केलं नाही तिनं. त्यावरून आमचं दोन वर्षं बोलणं बंद होतं, तेही लिहितो, लपवून काय करायचं.

तिची भांडी, कपडे, सायकल तेव्हाच आणली. वही राहिली. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या जोडीच्या भारतीबाईंचा फोन आला. "तात्या, सुमनची मुलांच्या वाचनाची वही शाळेत आहे. नवीन सरांना तिचा फार उपयोग होतोय. ठेवून घेऊ का आम्ही?" मी म्हटलं, न्हाई. माझ्या लेकीच्या हातचं अक्षर माझ्या घरात राहील. त्या म्हणाल्या, झेरॉक्स काढून ठेवतो. मी तेही नाही म्हटलं. तिनं डोकं लावून लिहिलेलं, ते दुसऱ्यानं का वापरावं?

मी चौथी शिकलेला गवंडी. पंचक्रोशीत माझ्या ओळंब्यात फरक काढणारा माणूस भेटला नाही. आणि सुमनला अक्षरओळख मी दिली, शाळेनं नाही, हे मी आजवर भेटेल त्याला सांगत आलो. हे जे लिहिलंय तेही माझं मी लिहिलंय, कुणाकडून नीट करून घेतलेलं नाही.

मायणीच्या तलावावर धुकं होतं. विट्याला उतरलो, तासगावची पाटी असलेली गाडी बघितली, अक्षर लावून वाचली आणि बसलो. दोन-तीन मैल गेल्यावर कंडक्टर आला.

"कुठं बाबा?"

"तासगाव."

"आवं, ही खानापूरला चाललीया."

"पाटी तासगावची हाय."

"पाटी बदलायची राहिली."

"मग चूक तुमची. गाडी तासगावला घ्या."

गाडीतली माणसं हसायला लागली. मागून एकजण म्हणाला, "घ्या रं, बाबांना सोडून येऊ, आपल्याला कुठं काम हाय." मी उतरेना. शेवटी कंडक्टरनं, चूक आमची, असं सगळ्यांसमोर म्हटलं तेव्हा उतरलो. त्या आडरानात तासभर उभा राहून वडापनं (माणसं भरून नेणाऱ्या खाजगी जीपनं) पुन्हा विट्याला आलो. त्या हट्टापायी सकाळ गेली.

तासगावच्या पुढे दोन्ही अंगाला द्राक्षाच्या बागा लागल्या. फवारणी चालू होती, औषधाचा वास गाडीत शिरत होता. बेदाण्याची शेडं रिकामी, नुसत्या जाळ्या लोंबत होत्या. मग बागा विरळ होत गेल्या, माळ आला. कुठं कुठं कमरेएवढा शाळू (रब्बीची ज्वारी), आणि लांब डोंगरावर पवनचक्क्या, त्याही बंद. सुमन दर सुट्टीला हाच रस्ता येत-जात होती. मी तिच्या शाळेला एकदाही आलो नव्हतो. बोलावलं होतं तिनं.

कवठे महांकाळला पोचायला दुपारचा एक वाजला. त्या दिवशी तिथल्या मोठ्या शाळेत शिक्षण परिषद होती. महिन्यातून एकदा आसपासच्या दहा-बारा शाळांचे शिक्षक एका ठिकाणी बसतात आणि मुलांना लिहा-वाचायला कसं शिकवायचं ते एकमेकांकडून शिकतात. भारतीबाई म्हणाल्या होत्या, वही तिथंच मिळेल.

पोचलो तेव्हा डबे उघडले होते. सगळे सतरंजीवर गोल बसलेले. भारतीबाई उठून आल्या, पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्म्याची दोरी गळ्यात. माझ्यासाठी खुर्ची मागवली. खोलीत तेवढी एकच खुर्ची. "तात्या, जेवून घ्या आधी." माझ्या भाकरी मी काढल्या, पण त्यांनी ताटात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मेथीचं कोरड्यास (भाकरीबरोबरची भाजी) आणि दही वाढलं. प्रत्येकजण येऊन पाया पडून गेला. कुणी फारसं बोललं नाही. मला वाटलं, सुमनचा मान आहे हा.

वस्तीच्या शाळेवर आलेले नवीन सर म्हणजे गायकवाड. लातूरकडचे, अजून तिशी नाही. वही त्यांच्याच मांडीवर होती. निळा पुठ्ठा, कोपरे मुडपलेले. मी हात पुढे केला तर म्हणाले, "तात्या, आजच्या दिवस राहू द्या. आज वाचायची आहे, मग देतो." मी म्हटलं, बरं. लेकीचं कौतुक ऐकायला कोण नको म्हणेल?

जेवणं झाली. केंद्रप्रमुख, म्हणजे ह्या सगळ्या शाळांवरचे साहेब, मला समजावून सांगायला लागले. "आमच्यात एक पद्धत आहे तात्या. आधी प्रत्येकानं आपलं चुकलेलं पान वाचायचं. महिन्याभरात मुलाला शिकवताना माझं काय चुकलं, ते. मग बाकीचे बोलणार. ट्रेनिंगला जाऊन सगळे हुशार होऊन येतात, पण वर्गात काय बिघडतं ते कुणी सांगत नाही, म्हणून हे."

पहिलं पान भारतीबाईंनी वाचलं. एका पोराला तीन महिने त्या कच्चा समजत होत्या आणि त्याला फळाच दिसत नव्हता. "चष्मा मला हाय, आणि त्याला पाहिजे व्हता हे मलाच दिसंना," असं त्या म्हणाल्या तेव्हा सगळे हसले. एक मास्तर म्हणाला, "बाई, तुमचाच द्यायचा काढून." मीही हसलो.

मग गायकवाड उभे राहिले. "मी सुमनताईंच्या वहीतलं वाचतो. दुसरीतल्या पूजाबद्दल आहे. ती माझ्यापुढे तोंड उघडत नाही, म्हणून मला तुमची मदत पाहिजे." आणि वाचायला लागले. "आज मी पूजाला एकच शब्द चार वेळा विचारला. पाचव्या वेळी ती रडली. बाकीची मुलं हसली आणि मी त्यांना थांबवलं नाही. चूक माझी."

माझ्या डोक्यात गेलं. मी उठलो.

"थांबा. मेलेल्या माणसाच्या चुका काढताय तुमी?"

"तात्या, तसं नाही..."

"ती असती तर तिची ती बघून घेती. आता ती न्हाई तर तीस माणसांत बसून तिचं चुकलेलं वाचताय. लाजा वाटत न्हाईत?"

भारतीबाई मध्ये आल्या. "आवं तात्या, ही पद्धत सुमननंच..."

मी ऐकून घेतलं नाही. गायकवाडांच्या हातातून वही ओढली. ते सोडत नव्हते, पुठ्ठ्याचा कोपरा फाटला. "मला एक महिना द्या हो," ते म्हणत होते, "त्या पोरीशी कसं बोलायचं ते ह्याच्यातच आहे." मी पिशवीत वही घातली आणि निघालो. मागं कुणी आलं नाही.

स्टँडवर आलो तर विट्याची गाडी नुकतीच गेलेली. बोरं विकणारी एक म्हातारी फळकुटावर बसली होती.

"कुटं जायाचं बाबा?"

"वडूज."

"लय लांब. बसा मग, आता दीड तास काय न्हाई."

बसलो आणि वही काढली. सुमनचं अक्षर मोत्यासारखं. मला वाचायला वेळ लागतो, एका ओळीवर बोट ठेवून दुसरीवर जावं लागतं. म्हातारी बघत होती.

"काय वाचताय?"

"लेकीचं हाय. मास्तरीण व्हती."

"शिकवली व्हय लेक?"

"व्हय. मीच."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि मूठभर बोरं माझ्या पिशवीत टाकली.

पानामागून पान पूजाच होती. तिच्या समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं. तिनं बोटानं शब्द दाखवेपर्यंत आपण बोलायचं नाही. मग एक पान आलं. त्यावर तारखेखाली नुसतं 'तात्या' असं लिहिलेलं. ते मी तीन वेळा वाचलं, म्हणून जवळजवळ तसंच इथं उतरवतो.

"आज पूजा अडखळली आणि मी टेबलावर डस्टर आपटलं. आपटल्यावर मला कळलं. पूजानं पुस्तकाकडं बघितलंच नाही, माझ्या हाताकडं बघितलं. मी अशीच बघायची. मी अडखळले की तात्या थापीच्या मुठीनं बोटांवर मारायचे. मार चुकवायला मी शेजारच्या शालनकडून धडा ऐकून पाठ करायची आणि वाचल्यासारखं करायची. तात्या खूश व्हायचे. तिसरी संपेपर्यंत मला वाचता येत नव्हतं, हे त्यांना आजही माहीत नाही. वाचायची भीती मला कॉलेजपर्यंत होती. आणि आज तोच हात माझ्या अंगात निघाला. चूक माझी."

थापी माझीच, गिलावा करायची. तिची मूठ घासून गुळगुळीत झालेली. बोटांवर मारायचो ते खरं आहे. भिंत ओळंब्याबाहेर गेली की तिथंच थांबवून ठोकावी लागते, नाहीतर वर सगळं वाकडं जातं, असा माझा हिशेब. पोरगी धडाधडा वाचायची तेव्हा मी गवंड्यांना घरी बोलावून ऐकवायचो. ती त्यांच्यापुढं उभी राहून पुस्तकाकडं बघत पाठ म्हणायची आणि मी मिशीला हात लावायचो.

विट्याची गाडी आली. म्हातारी म्हणाली, "आवं, गाडी." मी बसून राहिलो. गाडी गेली.

मला एवढंच वाटत होतं की हे पान कुणाच्या दृष्टीस पडू नये. वही घरी नेली असती तर ते माझ्या ट्रंकेत राहिलं असतं. पण शेजारी बसायचं, बोटाची वाट बघायची, हे सगळं त्याच वहीत होतं, आणि ती पूजा उद्या सकाळी पुन्हा गायकवाडांपुढं बसणार होती. एकदा मनात आलं, तेवढं पान फाडावं. धरलंही. तिचं अक्षर मला फाडवेना.

परत शाळेत गेलो तेव्हा चार वाजून गेले होते. परिषद चालूच होती. खुर्ची तशीच ठेवली होती. मी वही भारतीबाईंकडं दिली आणि हळू म्हणालो, "ठेवा तुमी. फकस्त ह्यातलं एक पान वाचू नका."

"कुठलं तात्या?"

मी वहीचा फाटलेला कोपरा चाचपायला लागलो. त्यांनी खाली बघितलं. "थापीचं का?"

मी मान हलवली.

"ते तिनं स्वतःच वाचलंय तात्या. गेल्या वर्षी, ह्याच खोलीत. त्या दिवसापासनं आमी सगळी चुकलेलं पान वाचायला लागलो. त्याआधी कुणी वाचत नव्हतं."

म्हणजे मी दुपारी दारातून आत आलो तेव्हा त्या सगळ्यांना माहीत होतं. पाया पडणाऱ्यांना माहीत होतं. ताटात दही वाढणाऱ्या बाईंना माहीत होतं. आणि मी तिथं उभा राहून, लाजा वाटत न्हाईत का, म्हणून विचारलं होतं.

मी खुर्ची बाजूला सारली, सतरंजीवर बसलो. गुडघे दुखतात, तरी बसलो. गायकवाडांना म्हटलं, "वाचा ते."

"नको तात्या."

"वाचा म्हणतोय."

त्यांनी वाचलं. खालच्या आवाजात. कुणी माझ्याकडं बघितलं नाही, कुणी समजूत घातली नाही. संपल्यावर केंद्रप्रमुखांनी घसा साफ करून विचारलं, "मग पूजाच्या बाबतीत काय करायचं?" आणि ते सगळे त्या पोरीबद्दल बोलायला लागले. कुणी म्हणालं, डस्टर वर्गातच ठेवू नका. कुणी म्हणालं, तिच्या आईच्या तोंडच्या गोष्टी लिहून तिलाच वाचायला द्या. गायकवाड त्याच वहीत, सुमनच्या अक्षराखाली, लिहून घेत होते. निम्मी पानं कोरी होती.

मुक्काम भारतीबाईंच्या घरी झाला. सकाळी गायकवाडांच्या मोटरसायकलवरून वस्तीच्या शाळेत गेलो, दारातच थांबलो. दोन खोल्या, पुढं एक लिंबाचं झाड. पूजा म्हणजे बारकीशी, दोन वेण्यांची पोर. गायकवाड तिच्या शेजारी जमिनीवर बसले, पुस्तक दोघांच्या मध्ये ठेवलं, वाट बघत राहिले. मी अर्धा तास उभा होतो. तिनं बोट उचललं नाही.

येताना तासगाव, विटा, मायणी सगळं तेच होतं, मी फारसं बघितलं नाही. लोक प्रवासाहून काहीतरी घेऊन येतात. मी होतं ते ठेवून आलो. सुमनला मी शिकवली, हे मी हजार वेळा तरी सांगितलं असेल. आता ते तोंडातून निघणार नाही. तिचं ज्यांनी ऐकून घेतलं ती माणसं तिकडं सतरंजीवर बसलेली आहेत, आणि मी तिच्याशी दोन वर्षं बोललो नव्हतो.

दिवस मावळायच्या आत घरी पोचलो. सुमनची आई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. रिकामी पिशवी बघून तिनं विचारलं, "दिली न्हाई व्हय वही?"

"मीच ठेवून आलो."

"काय व्हतं तिच्यात?"

तिला वाचता येत नाही. काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी खरं ते सांगितलं, थापीचं, शालनकडून पाठ केलेल्या धड्यांचं, सगळं. तिनं सूप खाली ठेवलं नाही. तांदळातला एक खडा काढून बाहेर टाकला.

"शालनच्या घरी तिला मीच धाडत व्हते," ती म्हणाली.