बारा झरोके, बारा शाली

म्हादबा मिस्त्री पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, पाणी मागितलं नाही, मोजायची टेपही काढली नाही. खिशातून उदबत्तीचा पुडा काढला, एक उदबत्ती पेटवली आणि ती हातात धरून हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून जिन्यात असे संथ चालत निघाले. त्यांचं तोंड वर होतं आणि डोळे धुरावर. आमच्या सुशीलेला वाटलं, माणूस फार देवभोळा आहे. ती डोक्यावर पदर घेऊन हात जोडून मागून चालू लागली. जिन्याच्या टोकाशी मिस्त्री थांबले, मागं वळले आणि म्हणाले, "वैनी, हात कशापायी जोडलायसा? मी वारं बघतोय."

मी विज्ञानाचा मास्तर, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर कोल्हापूरच्या कडेला नव्या वसाहतीत घर बांधलं. स्लॅबवर उतरतं पत्र्याचं छप्पर घालायचं आणि मधल्या जागेत माळा करायचा, एवढं ठरलं होतं. हे काम मुरगूडचे मिस्त्री छान करतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्यांना बोलावलं. उंच, काटकुळा माणूस. कानावर पेन्सिल, पांढऱ्या मिशा, आणि आवाज असा की समोरच्या गच्चीवरचं माणूस ओ देईल.

"सर, वारं म्हंजे पावणं हाय," ते म्हणाले. "त्येला आत यायला दार पायजे, भाईर जायला बी दार पायजे. एकच दार ठेवलासा तर पावणं दारातच हुबं ऱ्हातंय. आन् दोन्ही बंद केलासा तर आत घुसमटून घाम गाळत बसतंय. त्यो घाम मग तुमच्या गाद्यांवर पडतोय."

त्यांनी वळचणीखाली दोन्ही बाजूंना सहा-सहा झरोके ठेवले, प्रत्येकाला पाखरं शिरू नयेत अशी जाळी. वर आढ्याच्या दोन टोकांना दोन तोंडं ठेवली. खालून गार वारा आत, वरून तापलेला बाहेर. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते हे मी उभा जन्म फळ्यावर बाण काढून शिकवलं. हा माणूस तेच लाकडात करून दाखवत होता. त्या उन्हाळ्यात आमचा हॉल गल्लीत सगळ्यात गार राहिला. दुपारी शेजारी बसायला यायचे आणि उठायचे नाहीत. गल्लीतल्या पाच घरांनी मिस्त्रींना काम ठरवून टाकलं. त्यात समोरचे चौगुले, बँकेतून निवृत्त झालेले, पहिले.

पुढं जे झालं त्याला चौगुल्यांचं तोंड आणि माझा ताठा, दोन्ही कारण. आषाढात वारा सुटला आणि एका सकाळी दूध घेताना चौगुले चार लोकांत म्हणाले, "सर, दुपारी तुमच्या घोरण्यानं आमची झोप मोडते बघा. रस्ता ओलांडून येतंय की ते!"

सगळे हसले. मी म्हणालो, "घोरणं नव्हे ते. झरोक्यांतून वारा घुमतो."

घरी आलो आणि शिडी लावली. माझ्याकडं सत्काराच्या शालींची ट्रंक होती. मुख्याध्यापकाला आयुष्यात काय मिळतं? शाल आणि नारळ. नारळ संपतात, शाली उरतात. माळ्यावर रांगत जाऊन मी बारा झरोक्यांत बारा शाली बोळे करून कोंबल्या. वरच्या दोन तोंडांपर्यंत हात पोचला नाही, नाहीतर तीही सुटली नसती. दुसऱ्या दिवशी दूध घेताना चौगुले म्हणाले, "सर, काल जरा जास्तच होतं!"

सुशीला दारातच उभी होती. "मी कवाधरनं सांगतेय," एवढंच बोलून ती आत गेली.

शाली लगेच काढायला हव्या होत्या. पण काढल्या असत्या तर घोरणारा मीच, हे कबूल करावं लागलं असतं. मी नाही काढल्या.

नव्या माळ्यावर गल्लीच्या गणपतीचं मखर ठेवलेलं होतं. चतुर्थीच्या आठवडाभर आधी पोरं ते उतरवायला गेली आणि नाक दाबून खाली आली. मखराला हिरवी लव आली होती. गाद्यांना बुरशी, वाशांवर काळे डाग, आणि पत्र्याच्या पोटाला थेंब लोंबत होते. गल्ली गोळा झाली. सगळे माझ्याकडं बघू लागले. मी घसा साफ केला आणि शाळेच्या आवाजात म्हणालो, "हे त्या मिस्त्रीचं काम. घराला भोकं पाडून ठेवली, दमट हवा आत आली. दुसरं काय?"

मी हे वाक्य असं म्हणालो की मलाही खरं वाटलं.

मिस्त्रींना फोन गेला. ते दुपारच्या एसटीनं आले. माळ्याखाली सगळी गल्ली उभी होती. ते एकटे वर गेले. बराच वेळ सरकण्या-खरवडण्याचा आवाज येत राहिला. मग ते शिडीवरून उतरले. त्यांच्या मिशीला जरीचा एक धागा चिकटला होता. तो मला दिसला. बाकी कुणाला नाही.

"काय निघालं मिस्त्री?" चौगुल्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलंही नाही. "माजंच चुकलं," ते म्हणाले. "जाळी लई बारीक बसवली हुती. वारं अडलं. आता काढून साफ केलंय. परत न्हाय व्हायचं."

चौगुले तिथंच म्हणाले, "मग आमचं राहू द्या." बाकीच्या चौघांनी मान हलवली. मी माझ्या चपलांकडं बघत होतो.

सगळे गेल्यावर मिस्त्री म्हणाले, "सर, शाली उनात टाका."

"कुठल्या शाली?"

"अकरा वर घडी घालून ठेवल्यात. एक मी न्हेतो." पिशवीतून जांभळी शाल डोकावत होती. "घरात सांगतो, सरांनी सत्कार केला."

"पण तुम्ही सगळ्यांसमोर असं का सांगितलंत?"

ते पिशवी खांद्याला लावत म्हणाले, "मला पाचची मुरगूड गाडी हाय. तुमी कुठं जाणार? तुमास्नी ह्याच गल्लीत ऱ्हायाचं हाय की!"

येत्या रविवारी सगळ्यांना खरं सांगू, असं मी ठरवलं. तो रविवार बारा-तेरा वर्षं आला नाही. मिस्त्री मात्र दर साली मिरगाच्या आधी यायचे. कुणी बोलावलेलं नसायचं. दारातूनच ओरडायचे, "पावणं बरं हाय का?" माळ्यावर जाऊन जाळ्या झाडायचे, चहा प्यायचे आणि त्याच गल्लीतून परत जायचे. त्या पाच घरांतलं एकही दार त्यांच्यासाठी उघडायचं नाही.

गेल्या साली मिरगाला ते आले नाहीत. चार दिवस वाट पाहून मी मुरगूडला गेलो. ते फाल्गुनातच गेले होते. त्यांच्या छोट्या पत्र्याच्या घरात भर दुपारी गारवा होता. खुंटीवर जांभळी शाल लटकत होती, बुरशीच्या काळ्या डागासकट. मी त्यांच्या बायकोसमोर बसलो आणि अडखळत सगळं सांगितलं.

ती माउली पदर तोंडाला लावून हसायला लागली. "म्हायती हाय की! त्याच दिशी सांगितलं त्यांनी. जेवताना ठसका लागंस्तोवर हसलो आमी." मग हसू थांबलं. "पर त्या गल्लीचं काम गेलं त्येचं त्यास्नी लई लागलं हुतं. सर, हे मला हितं काय सांगतायसा? तिकडं जाऊन सांगा की."

सांगितलं. यंदा गणपतीत मंडळानं माझ्या ऐंशीचा सत्कार केला. माइक हातात घेऊन मी शालींची सगळी गोष्ट सांगितली. लोक पोट धरून हसले. "सरांचा विनोद अजून तसाच आहे," असं म्हणून अध्यक्षांनी मला आणखी एक शाल घातली.

म्हणून हे लिहायला घेतलं. विनोद नव्हता. मिस्त्रींची जाळी बारीक नव्हती. मी खोटं बोललो.

शालींपर्यंतचं लिहून झालं तेव्हा तो कागद आधी चौगुल्यांना दिला; मिस्त्री गेल्याचं त्यात अजून आलं नव्हतं. ते वाचून उठले, शिडी लावून आमच्या माळ्यावर गेले. या वयात. वरून एक-दोन-तीन असं मोजल्याचं ऐकू येत होतं. बारापर्यंत मोजून ते उतरले आणि खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी घाम पुसला.

"आमच्या घरी दुपारी भट्टी होते हो सर," ते म्हणाले. "त्या मिस्त्रींचा नंबर आहे का तुमच्याकडं?"